घरचा पडदा आणि उसना आवाज

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं मोठा टेलिव्हिजन आला. चित्र इतकें रेखीव, कीं नटीच्या साडीचे काठ मोजून घ्यावेत. पहिल्याच रात्रीं एक परदेशी चित्रपट लावला. नातू म्हणाला, "आजोबा, मूळ भाषेंतच पाहूं, खालीं अक्षरें येतात, तीं वाचा." अर्ध्या तासानें आमच्या सौभाग्यवती "मला झोप येते" म्हणून आंत गेल्या. झोप कसली! दृष्टि अधू झालेली. एक ओळ वाचून होण्यापूर्वींच ती पुसली जाऊन दुसरी येई. चित्र उत्तम असूनहि आम्हीं घरांतला एक प्रेक्षक गमावला.

मग डबिंग, म्हणजे भाषांतरित आवाज, कां नको? नातवाचें उत्तर असें, कीं उसन्या आवाजानें नटाचा अर्धा जीव जातो. तें अगदींच खोटें नाहीं. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण व्याकरणांत आपण शिकलों. ओठ मिटल्यावांचून त्यांचा उच्चार होत नाहीं. पडद्यावर ओठ मिटले आणि कानीं "क" आला, तर मन अडखळतें. १९७६ सालीं मॅकगर्क व मॅकडोनल्ड या संशोधकांनीं दाखविलें, कीं ओठ "ग"चे आणि आवाज "ब"चा असा मेळ घातला, तर पुष्कळ प्रौढांना "द" ऐकूं येतो! आपण डोळ्यांनींहि ऐकतों, तें असें. म्हणून डबिंगच्या लेखकाला अर्थाबरोबर ओठहि सांभाळावे लागतात.

१९३२ सालीं प्रभात कंपनीनें "अयोध्येचा राजा" मराठींत आणि हिंदींत असा दोनदां चित्रित केला. २०१५ चा "बाहुबली" तेलुगु व तमिळ भाषांत चित्रित झाला. हिंदींत प्रभासला शरद केळकरांनीं आवाज दिला. तो मला तरी उसना वाटला नाहीं. कसब असलें, म्हणजे परका आवाजहि अंगीं लागतो.

दुसरा दोष आमच्या संचाचा. संच चपटा, म्हणून त्याचे ध्वनिक्षेपक इवलेसे आणि तोंड जमिनीकडे. स्फोट दणाणतात, संवाद मात्र पुटपुटल्यासारखे. यावर पडद्याखालीं वेगळा ध्वनिक्षेपक, श्रोत्यांकडे तोंड करून, ठेवला. शिवाय चित्रपट सामान्यतः सेकंदास २४ चित्रांचा असतो. आमचा संच मधलीं चित्रें पदरचीं घालून हालचाल गुळगुळीत करी, आणि चित्रपटाला नाटकाच्या तालमीची कळा येई. ती सोय बंद केली.

पुढच्या रविवारीं तोच चित्रपट हिंदी आवाजांत लावला. सौभाग्यवती शेवटपर्यंत बसल्या. मध्येंच म्हणाल्या, "त्या पोराला हा आवाज शोभत नाहीं, हा थोराचा आहे." नातू चपापला. तो मूळ चित्रपट दोनदां पाहिलेला. आजीची परीक्षा अचूक होती.

मूळ आवाजाची गोडी मीं नाकारीत नाहीं. एकटा असतां मीहि तोच ऐकतों. परंतु चारजण मिळून पाहावयाचें असेल, तर आपल्यांत सर्वांत कमी कोणाला दिसतें आणि कोणाला ऐकूं येतें, हें आधीं विचारावें. मग भाषा निवडावी.