दम छातीत, तसाच पायांत



आमच्या विभागाच्या व्हरांड्यात तीस मीटर मोजून दोन टोकांना खुणा केल्या आहेत. रुग्णानं सहा मिनिटं, झेपेल त्या चालीनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायच्या. दम लागला तर थांबावं, भिंतीला टेकावं. घड्याळ मात्र चालूच राहतं. शेवटी किती मीटर झाले ते लिहायचं, एवढीच ही तपासणी.

पाथर्डी तालुक्यातल्या एक बाई आल्या होत्या. वय पंचावन्नच्या आसपास, विडीला कधी हात लावलेला नाही. पण वीस-पंचवीस हंगाम ऊसतोडीला गेलेल्या. पहाटे कोपीत पाचट पेटवून भाकरी थापायच्या आणि गावी परतल्यावरही चूल नि फुंकणी होतीच. “चार पावलं टाकली की धाप लागती,” म्हणाल्या. घरच्यांनी ते वयावर ढकललं होतं. तिसऱ्याच मिनिटाला त्यांनी भिंत धरली. सहा मिनिटांत 240 मीटर झाले.

त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अडण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार होता. आपल्याकडे त्याला सरसकट दमा म्हणतात, पण दम्यात आकसलेल्या श्वासनळ्या औषधानं बहुधा पुन्हा मोकळ्या होतात. इथं त्या पूर्ण मोकळ्या होत नाहीत. निदान स्पायरोमीटर या फुंकायच्या यंत्रावर होतं. औषधाचा पंप देऊनही, जोरानं सोडलेल्या एकूण हवेतली 70 टक्क्यांपेक्षा कमी हवा पहिल्या सेकंदात बाहेर आली, तर नळ्या अडल्या आहेत असं समजतात. 2016 साली भारतात सुमारे साडेपाच कोटी लोकांना हा आजार असल्याचा अंदाज होता. तंबाखूचा धूर हे मोठं कारण आहेच, पण चुलीचा धूरही साधा नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका. यंत्रावर सारखाच आकडा आलेल्या दोघांपैकी एक जण बाजार करून येतो आणि दुसऱ्याला न्हाणीपर्यंत जाववत नाही. असं का व्हावं?

या आजारात मुख्य अडचण असते ती श्वास सोडण्याची. एसटीतून उतरणारे उतरलेच नाहीत, तर चढणारे चढणार कुठून? चालताना श्वास भराभर होतो, आतली हवा बाहेर पडायला वेळ पुरत नाही, ती साचत जाते आणि नव्या श्वासाला छातीत जागाच उरत नाही. मग धापेच्या भीतीनं माणूस खाट धरतो. पोरं-सुनाही प्रेमापोटी म्हणतात, “बसून राहा, आम्ही करतो.” बसून बसून मांड्यांचे स्नायू झडतात. दुबळे पाय थोड्या चालण्यानंही लवकर थकतात, छातीवर जास्त भार टाकतात आणि धाप आणखी वाढते. हे प्रेमाचं बसवून ठेवणं मला फार सलतं.

फुप्फुसांचं झालेलं नुकसान भरून येत नाही, हे मी लपवणार नाही. पण पाय पुन्हा तयार होतात. आठ ते बारा आठवडे, देखरेखीखाली चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून हळूहळू श्वास सोडणं. आपल्या जिल्ह्यात लोणीला आणि विळद घाटात फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत, तिथं या व्यायामांबद्दल विचारा. सुरुवात मात्र डॉक्टरांनी तपासल्यावरच करा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा. पंपाची सवय लागेल या भीतीनं तो ट्रंकेत ठेवून देऊ नका. आणि घरात सिलिंडर असतानाही अंघोळीचं पाणी चुलीवरच तापत असेल, तर निदान ती चूल मोकळ्या हवेत न्या.

त्या बाई आठ आठवडे हे व्यायाम करून पुन्हा आल्या. फुंकण्याच्या यंत्रावरचा आकडा जवळपास होता तिथंच होता. मग व्हरांड्यात उभ्या राहिल्या. एकदाच भिंतीला टेकल्या, ओठांचा चंबू करून श्वास सोडला नि पुन्हा निघाल्या. 310 मीटर. मी आकडा सांगितला, तर त्यांनी विचारलं, “म्हंजी आमच्या फाट्यापासून घरापत्तूर किती फेऱ्या व्हत्याल?”