घरचा कचरा, घरचे खत
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आम्ही बँकेतले कारकून, शेतीशास्त्राचे जाणकार नव्हे. तरी गांडूळखतावर बोलायला उभे आहोत, कारण हा प्रयोग आम्ही घरी केला आणि आधी सपशेल फसलो.

अकोल्याला असताना टबात ताजे शेण भरले आणि टब गच्चीवर ठेवला. ताजे शेण कुजताना तापते. त्यात मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो, आणि गांडुळांना 35 अंशांच्या वर सोसत नाही. आठ दिवसांत सारी मेली.

पुढे अमरावतीला बदली झाल्यावर सांदवाडीत, सावलीत पुन्हा मांडणी केली. जुन्या टबाला तळाशी छिद्रे पाडून तो विटांवर ठेवला. खाली नारळाच्या शेंड्या व सोयाबीनचे कुटार, त्यावर वीतभर मुरलेले शेण, मग अर्धा किलो गांडुळे आणि वर ओले पोते. रोज ओंजळभर भाजीची देठे-साले द्यावीत. लिंबाची साले, तेलकट व खारट उष्टे टाकू नये. आतला माल मुठीत दाबला तर हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. दोन-अडीच महिन्यांत चहापत्तीसारखे खत तयार होते. उजेडात ढीग केला की गांडुळे खाली जातात. वरचे खत काढून घ्यावे.

हे पाहून घरातील म्हातारी माणसे म्हणाली, "गावाची घाण उचलणे सोडून आलो. तुम्हाला शिकवले, ते पुन्हा कचऱ्यात हात घालायला?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण बंधूंनो, दुसऱ्याची घाण सक्तीने उचलणे ही गुलामगिरी होती. आपल्या घरचा कचरा आपण जिरवणे हा स्वाभिमान आहे. शेंडगावच्या गाडगेबाबांनी स्वतः हाती खराटा घेतला होता. 2016 च्या नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा देणे बंधनकारक केले. तरी आपण सारे एका पिशवीत बांधतो. ती कुजकी पिशवी शेवटी कोणाचे तरी हात सोडतात. ते हात कोणाच्या घरचे, हे या सभागृहात सांगायला नको.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरची ओली पिशवी त्या हातांत जाऊ देऊ नका. एवढेच मागतो आणि आमचे दोन शब्द संपवतो. जय भीम!