होर्यूजीची जळालेली भिंत

(एका कौटुंबिक स्नेहमेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

परदेशात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला सलग चार सुट्ट्या मिळाल्या, की तो मित्र जमवतो, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतो आणि ‘प्रेक्षणीय स्थळे’ पाहायला निघतो. त्यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच, की तो काय पाहतो आणि परतताना काय घेऊन येतो. टोकियोत राहणाऱ्या तीन मराठी कुटुंबांच्या एका सहलीची हकिकत या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे.

जपानमध्ये एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या पहिल्या आठवड्यात सुट्ट्या लागोपाठ येतात. त्यांना तेथे ‘गोल्डन वीक’ म्हणतात. या सुट्टीत पुण्याचे, साताऱ्याचे आणि जळगावचे अशी तीन कुटुंबे क्योतो आणि नारा पाहायला निघाली. तिघेही पुरुष संगणक अभियंते. दिवसभर कामात बुडालेले. बुलेट ट्रेन वेगात निघाली आणि जळगावकरांचा आठ वर्षांचा मुलगा शाळेत शिकलेली जपानी अक्षरे म्हणू लागला. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. पुण्याच्या वहिनी चमकून म्हणाल्या, ‘‘अहो, ही तर आपली बाराखडी!’’ त्यांचे बरोबरच होते. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेचा जो अभ्यास केला, त्याचीच छाप जपानी अक्षरांच्या या क्रमावर आहे.

नारा येथे पहिला दिवस आनंदात गेला. मुलांनी हरणांना बिस्किटे चारली. तोदाईजी मंदिरातील सुमारे १५ मीटर उंचीच्या बुद्धमूर्तीपुढे सर्व जण स्तब्ध झाले. इ. स. ७५२ मध्ये या मूर्तीचा नेत्रोन्मीलन सोहळा झाला, तेव्हा तिचे डोळे रंगवण्याचा मान बोधिसेन या भारतीय भिक्षूला मिळाला होता. त्याच्या हातातील कुंचल्याला लांब दोर बांधला होता आणि तो दोर धरून उपस्थित मंडळीही त्या पुण्यकर्मात सहभागी झाली होती. तो कुंचला आजही जतन केलेला आहे. हे कळताच मंडळींच्या माना ताठ झाल्या. ‘‘आपला माणूस!’’ सातारकर म्हणाले आणि सर्वांची छायाचित्रे निघाली. अभिमान फुकट मिळत असला, की त्याचा आस्वाद घ्यायला कोणाला आवडत नाही?

दुसऱ्या दिवशी मंडळी जवळच्या होर्यूजीला गेली. राजपुत्र शोतोकु यांनी इ. स. ६०७ च्या सुमारास स्थापन केलेले हे मंदिर. ते एकदा जळाले आणि पुन्हा उभारले गेले. जगातील सर्वांत जुन्या लाकडी वास्तू म्हणून येथील इमारती ओळखल्या जातात. सुवर्णमंदिरात, ज्याला तेथे ‘कोन्दो’ म्हणतात, मंद प्रकाशात भिंतींवरची चित्रे दिसत होती. तेथे एक वृद्ध जपानी गृहस्थ पर्यटकांना माहिती देत होते. पाहुणे भारतीय आहेत हे कळताच त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला.

ते म्हणाले, ‘‘ही मूळ चित्रे नाहीत, नकला आहेत. मूळ चित्रे २६ जानेवारी १९४९ रोजी आगीत भस्मसात झाली. त्यांच्या नकला करण्याचे काम चालू असतानाच आग लागली. दुसऱ्या वर्षी आमच्या देशाने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला. आता दरवर्षी २६ जानेवारीला देशभरच्या मंदिरांत आग विझवण्याचा सराव होतो. जळालेल्या भिंती आणि खांबही आम्ही टाकून दिलेले नाहीत; ते जपून ठेवले आहेत.’’

त्यानंतर ते क्षणभर थांबले. ‘‘येथील बोधिसत्त्वाच्या चित्राची तुलना तुमच्या अजिंठ्याच्या पद्मपाणीशी करतात. आराई कान्पो हे आमचे चित्रकार अजिंठ्याला जाऊन तेथील चित्रांच्या नकला करून आले होते. पुढे येथील भित्तिचित्रांच्या कामातही ते होते. मला अजिंठ्याला जाता आले नाही. तुमची चित्रे अजून मूळ भिंतीवरच आहेत. तुम्ही ती पाहिली असतील. कशी आहेत?’’

कोणीच उत्तर दिले नाही. पुणेकर आणि सातारकर अजिंठ्याला कधी गेलेच नव्हते. जळगावकर गेले होते. त्यांच्या गावापासून लेणी साठ किलोमीटरवर. पण शाळेच्या त्या सहलीतले त्यांना आठवत होते ते बसमधले अंताक्षरीचे गाणे आणि वाटेतली भजी. आणखीही एक गोष्ट आठवत होती. पण ती त्या वृद्धाला सांगण्यासारखी नव्हती.

रात्री मुक्कामी ती त्यांनी मित्रांना सांगितली. त्याच सहलीत पाहिलेल्या एका किल्ल्याच्या भिंतीवर त्यांनी खिळ्याने आपले नाव कोरले होते. सातारकर हसत म्हणाले, ‘‘अरे, लहानपणी सगळेच करतात.’’ पुणेकर शांतपणे म्हणाले, ‘‘सगळेच करतात, म्हणूनच आपल्या भिंती तशा दिसतात.’’ त्यावर कोणीच बोलले नाही.

डिसेंबरात रजेवर घरी आल्यावर जळगावकर मुलाला घेऊन अजिंठ्याला गेले. पहिल्या लेण्यात दोघे पद्मपाणीपुढे बराच वेळ उभे राहिले. दहाव्या लेण्यात १८१९ साली आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने खांबावर कोरलेले नाव त्यांनी मुलाला दाखवले. मुलाने विचारले, ‘‘एवढे सुंदर चित्र दिसत असताना त्याने त्यावर नाव का लिहिले?’’ वडिलांकडे उत्तर नव्हते. इंग्रजाला दोष देणे सोपे होते. पण दुसऱ्या दिवशी ते मुलाला त्या किल्ल्यावर घेऊन गेले. पंचवीस वर्षांपूर्वीची अक्षरे तशीच होती. मुलाने ती वाचली, मग वडिलांकडे पाहिले. ‘‘पुसता येईल का, बाबा?’’ ‘‘नाही. घासले तर दगड आणखी जाईल.’’ मुलाने वडिलांचा हात धरला. दोघे मुकाट्याने गड उतरले.

बंधू-भगिनींनो, अजिंठ्याची चित्रे रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून उतरवली. त्यांतील बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. नकला पुन्हा करता येतात. मूळ पुन्हा होत नाही. जपानने हा धडा आगीतून घेतला. एका भिंतीची राख झाली, तेव्हा त्या राष्ट्राने स्वतःचे चुकले असे मानले आणि ते लपवले नाही. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, २६ जानेवारी १९५० रोजी, आपण प्रजासत्ताक झालो. एकच तारीख आपल्याकडे ध्वजवंदनाची आणि त्यांच्याकडे सावधगिरीची आहे. या दोहोंत विरोध नाही. पूर्वजांचा अभिमान बाळगणाऱ्याने त्यांच्या भिंतींची राखणही केली पाहिजे.

पुढच्या सुट्टीत दूरदेशी अवश्य जावे. पण निघण्यापूर्वी आपल्या जिल्ह्यातले एक लेणे, एक गड, एक जुने मंदिर मुलांना दाखवावे. दाखवताना त्यांच्या हातात खिळा नाही, वही द्यावी. नाव लिहायचेच असेल, तर ते वहीवर लिहिता येते.