खिडकी आणि आतला दरवाजा
(स्नेहसंमेलनातील भाषण)



दहावीच्या निकालादिवशी जळगाव-धुळ्याच्या घराघरांत मोबाईलभोवती घोळका जमतो. राज्यातील सुमारे १५ लाख मुले एकाच दिवशी निकाल पाहतात. अशा वेळी पडद्यावर ‘५०२’ हा आकडा उमटला की आई घाबरते, मुलगी रडकुंडीला येते. म्हणून त्या आकड्याचा अर्थ समजून घेऊ.

शाळेत दाखला हवा असला म्हणजे आपण कार्यालयाच्या खिडकीशी अर्ज देतो. जुनी रजिस्टरे पाहून दाखला लिहिणारे लिपिक मात्र आतल्या खोलीत असतात. संकेतस्थळाचेही तसेच आहे. खिडकीवर बसतो तो वेब सर्व्हर. बैठक क्रमांकावरून गुण शोधतो तो आतला प्रोग्राम. या दोघांमधला दरवाजा म्हणजे सॉकेट. बर्कले विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालीतून १९८३ साली ही सोय सर्वत्र पसरली.

दोघे एकाच संगणकावर असतील, तर सॉकेट ही एक खास फाईल असू शकते. निरनिराळ्या संगणकांवर असतील, तर संगणकाचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक लागतो. जणू इमारतीचा पत्ता आणि खोलीचा क्रमांक.

‘५०२’ म्हणजे खिडकीवरचा सांगतो, “आतून मला नीट उत्तर मिळाले नाही.” उत्तराला फार वेळ लागला, तर ‘५०४’. मुलगा नापास झाला, असा याचा अर्थ मुळीच नाही. थोडे थांबून पुन्हा पाहावे. सारखे बटण दाबल्याने गर्दीच वाढते.

विद्यार्थी मित्रांनो, हा दोष शोधणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. आतला प्रोग्राम चालू आहे काय? दोघांना दिलेला पत्ता एकच आहे काय? त्या फाईलवर वेब सर्व्हरला परवानगी आहे काय? परवानगी नसली म्हणून नवखे लोक ती सर्वांनाच देऊन टाकतात. तसे करणे म्हणजे दार सताड उघडे टाकणे होय. दोघांचा एक गट करून त्या गटालाच परवानगी द्यावी.

हे शिकायला लिनक्स आणि एनजिनएक्स विनामूल्य मिळतात. घरचा जुना संगणकही पुरतो. आपली मुले-मुली मोबाईल चालवण्यात पटाईत आहेत. पण ती अजून खिडकीबाहेरच उभी आहेत. पालकांनो, त्यांतील काहींना तरी आतल्या खोलीचे काम शिकू द्या.