आधी चिप बघा

इथे येताना एका गृहस्थांनी मला दारातच गाठलं. माळ्यावर १९८९ सालचा पीसी आहे, मोडेमही आहे; त्यात टर्मिनल सॉफ्टवेअर कुठलं घालू, प्रोकॉम, टेलिक्स की कर्मिट? मी उलट विचारलं, तुमच्या सीरियल पोर्टाची चिप कुठली?

आजचं व्याख्यान या उलट प्रश्नाचंच आहे.

त्या काळच्या पीसींमध्ये बहुधा ८२५० किंवा १६४५० ही चिप असे. तिच्यापाशी आलेलं एकच अक्षर थांबू शकतं. एका अक्षरामागे दहा बिट धरले, तर ९६०० च्या वेगाला सेकंदाला ९६० अक्षरं येतात. म्हणजे प्रोसेसरनं जेमतेम एका मिलिसेकंदात येऊन ते अक्षर उचलायला हवं. नेमका तेव्हा तो फ्लॉपीवर लिहिण्यात गुंतला असेल, तर पुढचं अक्षर येतं आणि आधीचं पुसलं जातं. १६५५०ए चिपमध्ये सोळा अक्षरांची रांग मावते. मात्र ती रांग सॉफ्टवेअरनं चालू करावी लागते, आणि सॉफ्टवेअर निवडताना मी पहिल्यांदा हेच बघतो. चिप जुनी असेल तर वेग २४०० वर आणा. हळू चालेल, पण फाइल धड येईल.

अक्षरं हरवू नयेत म्हणून पाठवणाऱ्याला ‘थांब’ आणि ‘चल’ सांगायच्या दोन रीती आहेत. एक्सऑन-एक्सऑफमध्ये कंट्रोल-एस म्हणजे थांब, कंट्रोल-क्यू म्हणजे चल. नुसत्या मजकुराला हे चालतं. पण एक्समोडेम या प्रोटोकॉलनं प्रोग्रामची फाइल पाठवताना हीच अक्षरं फाइलच्या पोटातही असतात. यंत्र त्यांना हुकूम समजतं आणि सगळं ठप्प होतं. त्यामुळे तारेत सोय असेल तर दुसरी रीत, आरटीएस-सीटीएस, घ्या; तिचे इशारे वेगळ्या तारांवरून जातात.

एक्समोडेम वॉर्ड क्रिस्टेन्सेन यांनी १९७७ मध्ये लिहिला. १२८ बाइटांचा तुकडा पाठवायचा, पोच आली की पुढचा. साधा आणि देखणा! पण त्याला वाटेत आठही बिट मोकळे लागतात. कोलंबिया विद्यापीठातली मोठी यंत्रं तशी नव्हती. काही अक्षरं ती वाटेतच गिळत. म्हणून तिथे १९८१ मध्ये कर्मिट जन्मला. तो अडचणीची अक्षरं छापता येतील अशा रूपात बदलून पाठवतो. त्याची मूळची पाकिटं लहान, त्यामुळे चाल मंद. पण जिथे बाकीचे अडतात तिथून तो पार होतो. या शहाणपणाबद्दल मला मनापासून आदर आहे.

१९८६ चा झेडमोडेम वेगळ्या कारणासाठी हवा. लाइन तुटली तर तो तुटल्या जागेपासून पुढे चालू होतो. १९९५ मध्ये विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा सुरू झाली, तेव्हा शेल, म्हणजे नुसत्या मजकुराचं, खातं घेणाऱ्याला असं टर्मिनल सॉफ्टवेअरच पुरत असे, आणि अर्ध्यावर तुटलेली फाइल पहिल्यापासून उतरवायची म्हणजे पुन्हा तेवढं फोनबिल. शिवाय आपला डायल टोन अमेरिकेतल्यापेक्षा वेगळा. तिथला मोडेम तो ओळखत नसे आणि नंबरच फिरवत नसे. त्याला एटीएक्स३ सांगायचं, म्हणजे तो टोनची वाट न बघता फिरवतो. एक्स्चेंज जुनं असेल तर टोनच्या एटीडीटीऐवजी पल्सचं एटीडीपी.

त्या गृहस्थांना मी कर्मिट सुचवलंय. पण आधी ‘एटी’ टाइप करून ‘ओके’ येतं का पाहा, आणि उद्या कार्डावरच्या चिपचा नंबर लिहून आणा, असंही त्यांना सांगितलंय.