रेषेंतलें विमान

आकाशांत विमानाचा आवाज झाला कीं मान वर करून पाहणारें मूल बहुतेक प्रत्येक घरांत असतें. कांहीं घरांत त्या मुलाचे केस पिकलेले असतात, इतकेंच. ह्या जुन्या कुतूहलास संगणकानें एक नवें साधन दिलें आहे. विमानाचें रेखाचित्र संगणकावर काढावयाचें, तें कागदावर छापावयाचें आणि भिंतीवर लावावयाचें, असा हा छंद आहे. रेखाटनाचें इंकस्केप हें सॉफ्टवेअर २००३ पासून विनामूल्य मिळत असल्यामुळें ह्या छंदास पैसा थोडा लागतो. चिकाटी मात्र फार लागते.

संगणकावर चित्र सांठविण्याच्या दोन तऱ्हा आहेत. छायाचित्र म्हणजे ठिपक्यांची रास. तें फार मोठें केलें कीं ठिपकेहि मोठे होतात व कडा दातेरी दिसूं लागते. रेखाचित्राची तऱ्हा निराळी. तेथें वक्ररेषेचीं दोन टोकें आणि तिला बाक देणारे दोन बिंदु एवढेंच टिपलेलें असतें. रेषा प्रत्येक वेळीं नव्यानें काढली जाते. पतंगाच्या कामटीस बोटांनीं बाक द्यावा, तसा तिला बाक देतां येतो. अशा चित्राची छपाई तळहाताएवढी केली काय किंवा दाराएवढी केली काय, रेषा स्वच्छच राहते. ह्या वक्ररेषेचा जन्म १९६० च्या सुमारास फ्रान्समधील मोटार-कारखान्यांत झाला. सिट्रोएनमध्यें द कास्तलजो व रेनोमध्यें बेझिए यांनीं स्वतंत्रपणें ती शोधिली. नांव मात्र बेझिए यांचें राहिलें.

उदाहरणादाखल मुंबईकरांच्या परिचयाचें एक विमान घ्यावें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल आणलें, तें डी हॅविलंड कंपनीच्या पस मॉथ जातीच्या विमानांतून. ह्या विमानाच्या पंखांचा पसारा ११.२० मीटर व लांबी ७.६२ मीटर. १:७२ ह्या प्रमाणांत तो पसारा सुमारें १५६ मिलिमीटर भरतो व ए-४ कागदावर सुखानें मावतो. १:३२ प्रमाण घेतल्यास तो ३५० मिलिमीटर होऊन ए-३ कागद घ्यावा लागतो.

रेखाटणारा विमानाचें बाजूनें घेतलेलें छायाचित्र पटावर मांडून त्यावर एक पारदर्शक थर चढवितो व त्या थरावर गिरवूं लागतो. येथेंच पहिला सापळा असतो. जवळून घेतलेल्या छायाचित्रांत कॅमेऱ्यासमोरचा भाग फुगतो व दूरचा आंखडतो. म्हणून दुरून, काटकोनांत घेतलेलें छायाचित्र निवडावें लागतें आणि तेंहि प्रसिद्ध मापांशीं ताडून पाहावें लागतें.

दुसरा सापळा याहून कठीण. १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, टाटांनीं तीच सफर पुन्हां केली. परंतु त्या वेळचें विमान लेपर्ड मॉथ होतें. दोन्हीं एकाच घराण्यांतलीं व चटकन् पाहणारास सारखींच. पस मॉथचे पंख टोकाची गोलाई सोडल्यास सारख्याच रुंदीचे, तर लेपर्ड मॉथचे टोकाकडे निमुळते होत जाणारे. १९८२ चें छायाचित्र गिरवून खालीं १९३२ असें लिहिणाराचें चित्र कितीहि सुबक असलें तरी तें खोटी साक्ष होय.

तिसरा प्रश्न जाडीचा. १:७२ च्या चित्रांत पाव मिलिमीटर जाडीची रेषा म्हणजे खऱ्या विमानावर १८ मिलिमीटर रुंद पट्टा! पातळ तार किंवा बारीक सांधा मापाप्रमाणें काढूं गेल्यास तो छापतांच येणार नाहीं. तेव्हां काय दाखवावें व काय गाळावें, हें रेखाटणाराच्या विवेकावर अवलंबून राहतें. जाणते लोक बाह्याकृतीस अर्धा मिलिमीटर, सांध्यांस पाव मिलिमीटर, अशी पायरी ठेवतात.

शेवटीं छपाई. चित्र पीडीएफ रूपांत ठेवावें. जेपीजी केल्यास रेषांचे पुन्हां ठिपके होतात. साध्या कागदावर शाईच्या प्रिंटरची रेषा किंचित् पसरते. लेझर प्रिंटरची पूड कागदावर वितळून बसत असल्यामुळें कडा रेखीव राहते. प्रिंटर कित्येकदां चित्र पानांत बसविण्यासाठीं तें गुपचुप लहान करतो, म्हणून आकार शंभर टक्के ठेवण्याची आज्ञा द्यावी. चित्राच्या कोपऱ्यांत १०० मिलिमीटरची एक रेघ असावी व छपाईनंतर तिला फूटपट्टी लावावी. ती ९६ भरली, तर सारें विमानच आंखडलें असें समजावें.

छायाचित्रास अंधुकपणाची सबब सांगतां येते. रेषेस ती नाहीं. ती काढणारा ‘हें येथें असें होतें’ असें ठामपणें सांगत असतो. म्हणून जो भाग पुराव्यानें ठाऊक नाहीं, तो अंदाजानें सजविण्यापेक्षां कोरा ठेवणें, हें ह्या छंदांतील शील आहे. जुन्या विमानांचीं चित्रें पुढील पिढीच्या हातीं जातील, तेव्हां तिला सुबकपणाइतकीच, किंबहुना अधिक, गरज ह्या प्रामाणिकपणाची भासेल.