'म्हणे' या शब्दाचा धनी कोण?



'अफवा' हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ 'तोंडे' असा आहे. नाव सार्थ आहे. अफवेला तोंडे पुष्कळ असतात, धनी एकही नसतो. मराठीत ती 'म्हणे' या एका शब्दावर चालते. 'बौद्ध लिहिले की सवलत जाते म्हणे.' आपल्या परभणी जिल्ह्यातील वस्त्यांतून हे वाक्य अजून ऐकू येते.

ही अफवा निव्वळ खोट्यातून जन्मली असती, तर केव्हाच मेली असती. तिच्या पोटात एके काळचे सत्य आहे. अनुसूचित जातींसंबंधीच्या 1950 च्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. 1956 साली त्यात शिखांना सरसकट घेतले, बौद्धांना नाही. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरास धम्मदीक्षा झाली, तेव्हा परभणी हैदराबाद राज्यात होती. अठरा दिवसांनी ती मुंबई राज्यात आली आणि 1960 साली महाराष्ट्रात. महाराष्ट्राने आपल्या सवलती नवबौद्धांना दिल्या, केंद्राने दिल्या नाहीत. चार वर्षांच्या आत तीन राज्ये पाहिलेल्या शेतमजुराने कोणती सवलत कोणाची, हे विचारावे कोणाला? ज्या पाटलाला विचारायचे, त्याला या धर्मांतराचा आनंद झाला होताच असे नव्हे!

पुढे 1990 साली संसदेने दुरुस्ती केली आणि हिंदू व शीख यांच्या जोडीला 'बौद्ध' हा शब्द आदेशात आला. कायदा बदलला, भीती मात्र तशीच राहिली. भीती सांगणाऱ्याकडे कोणी कागद मागत नाही. तिचे खंडन करणाऱ्याकडे प्रत्येक जण मागतो. शिवाय सांगणारा बहुधा वैरी नसतो. तो मामा असतो, किंवा लेकराच्या शिक्षणाची काळजी वाहणारी आई असते. म्हणूनच ते खरे वाटते, आणि विहारात त्रिशरण म्हणणारे घर जनगणनेच्या कागदावर हिंदू होते. 2011 साली महाराष्ट्रात बौद्धांची नोंद सुमारे 65 लाख झाली. भयाने बाहेर राहिलेली घरे त्या आकड्यात दिसत नाहीत.

धर्माचा रकाना वेगळा, जातीचा वेगळा. धर्म बौद्ध लिहूनही अनुसूचीतील जात लिहिता येते. जी सोडली ती पुन्हा का लिहावी, असे कोणी विचारील. तो प्रश्न खरा आहे आणि त्यावर मोकळेपणाने वाद व्हावा. पण त्याचा निकाल अफवेने लावू नये.

केवळ ऐकले म्हणून मानू नका, असे तथागतांनी केसपुत्त येथे कालामांना बजावले होते. तेव्हा मी सांगतो म्हणूनही मानू नका. 1950 चा आदेश आणि 1990 ची दुरुस्ती मिळवा, मराठीत छापून विहाराच्या भिंतीवर लावा, आणि येत्या पौर्णिमेस वंदनेनंतर एखाद्या शिकणाऱ्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या.